कौलं ठेवून सोलर बसवता येतं का?

आज एका श्रोत्या ताईंचा प्रश्न घेते. त्यांचं माहेर मुंबईतल्या शीव कोळीवाड्यात. कौलारू घर, पुढे ओटी, वर सागवानी वासे. भावाला सोलर बसवायचंय. बसवणारा म्हणाला, "कौलांवर जमायचं नाही. कौलं उतरवा, स्लॅब टाका, मग बोलवा." आई म्हणते, सासऱ्यांनी उभं केलेलं घर आहे, मी जिवंत असेपर्यंत वाशाला हात लावू देणार नाही.

असं कौलारू घर तुमच्याही गावात असेलच. म्हणून नीट ऐका.

शीव म्हणजे हद्द. मुंबई बेटाची हद्द इथं संपायची, आणि आजही बेस्टची वीज शीव-माहीमपर्यंतच जाते. या हद्दीवरचा कोळीवाडा आता उंच इमारतींनी वेढलाय. जुनी घरं कमी होत चालली आहेत. सोलरच्या निमित्ताने आणखी एक उतरवायचं का?

माझं मत स्पष्ट आहे, नाही. कारण ती कौलं आधीच तुमची वीज वाचवतात. दोन कौलांच्या फटीतून गरम हवा वर निघून जाते, संध्याकाळी छप्पर पटकन निवतं. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री तेच खाली सोडतो. मग पंखा पुरत नाही, एसी येतो. सोलरसाठी स्लॅब टाकला आणि सोलरची वीज त्या स्लॅबच्या उकाड्यातच गेली, तर मिळवलं काय?

आता "जमत नाही" याचं बघू. पॅनेलचं वजन चौरस मीटरला साधारण १२ ते १५ किलो. खरा धोका वजनापेक्षा वाऱ्याचा. पावसाळी वारं पॅनेलच्या खाली शिरून ते वर उचलतं. म्हणून कौलाला भोक पाडून पॅनेल कधीच बसवू देऊ नका. कौल तडकतं आणि गळती सुरू होते. एक कौल सरकवायचं, खालच्या वाशाला हूक पक्का करायचा, कौल परत जागेवर. हूक आणि नटबोल्ट स्टेनलेस स्टीलचे मागा. खाऱ्या हवेत साधं लोखंड टिकत नाही.

पण वासा धड हवा. मिस्त्रीला स्क्रू-ड्रायव्हर टोचून बघायला सांगा. सहज आत गेला तर वाळवी किंवा कुज आहे. आधी तो वासा बदला. पॅनेल २५ वर्षं राहतं, ते मधेच उतरवून छप्पर दुरुस्त करणं दुप्पट खर्चाचं.

जागा कुठली? ओटीवरची, रस्त्याकडची उतरण मोकळी ठेवा. मागची उतरण दक्षिणेला, पूर्वेला किंवा पश्चिमेला असेल तर तिथं बसवा. मागे नंतर बांधलेली मोरी किंवा खोली स्लॅबची असेल तर फारच छान. पोपच्या व्हॅटिकनमध्ये २००८ साली हेच केलं. पॅनेल जुन्या मोठ्या चर्चवर चढवली नाहीत, १९७१ मध्ये पुरं झालेल्या सभागृहावर बसवली. मुंबईत तर जुन्या वास्तूंसाठी १९९५ पासून नियम आहेत. घर हेरिटेज यादीत असेल तर आधी पालिकेची परवानगी लागते.

कोळीवाड्यात मात्र एक अडचण मोठी, सावली. शेजारच्या टॉवरची सावली एका पॅनेलवर पडली तरी त्याच्याशी जोडलेल्या बाकीच्यांची वीज घटू शकते. सकाळी नऊ, दुपारी बारा, तीन, अशी छपरावरची सावली स्वतः बघा. हे थंडीत करा, तेव्हा सावल्या लांब असतात. जागा सावलीतच असेल तर पैसे घालू नका, कोणी काहीही सांगो.

मग हिशोब. जुने चार पंखे दहा तास चालले की दिवसाला ३ युनिट. तेच बीएलडीसी पंखे लावले तर सव्वा युनिटच्या आसपास. फ्रिज, दिवे, टीव्ही धरून घर तीन युनिटमध्ये भागतं. एक किलोवॅटला जागा लागते सुमारे १०० चौरस फूट, आणि त्यातून दिवसाला सरासरी साडेतीन-चार युनिट मिळतात. म्हणजे अख्खं छप्पर झाकायची गरजच नाही! २०२४ च्या पीएम सूर्यघर योजनेत एका किलोवॅटला ३० हजार, दोनला ६० हजार, तीन किंवा जास्त असेल तर ७८ हजार रुपये अनुदान आहे.

कागदपत्रांत जुनं घर अडतं ते नावावर. ताईंच्या माहेरचं वीजबिल अजून आजोबांच्या नावे येतं, आणि घरात तिघा भावांचा हिस्सा आहे. अर्ज करायचा तर चालू मीटर अर्जदाराच्या नावे हवं. त्यांना मी सांगितलंय, आधी भावांची लेखी संमती घ्या, मग वीज कार्यालयात नाव बदलायला टाका, आणि मिस्त्रीला त्याच आठवड्यात वासे बघायला बोलवा.