जर्मनीत शिकायला जाताय? आधी कागदांचा क्रम समजून घ्या

आपल्या समाजातील अनेक तरुण-तरुणी आता उच्च शिक्षणासाठी जर्मनीचा विचार करतात. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नसते, हे त्याचे मोठे कारण आहे. प्रवेश, व्हिसा आणि शिष्यवृत्ती यांवर आपल्याकडे मार्गदर्शन शिबिरे होतात. पण विमानातून उतरल्यावर पहिल्या तीन महिन्यांत कोणकोणत्या कार्यालयांत जायचे, याबद्दल आपण फार कमी बोलतो. ज्यांचे काका, मामा, चुलत भाऊ आधीच परदेशात आहेत, ते एक फोन करून विचारतात. आपली बहुतेक मुले घरातून परदेशी जाणारी पहिलीच असतात. त्यांनी फोन कोणाला करायचा?

तिथला एक कागद दुसऱ्या कागदावर उभा असतो. पहिला अडला की मागचे सगळे अडतात. म्हणून यादी पाठ करण्यापेक्षा क्रम समजून घेणे महत्त्वाचे आहे.

पहिला कागद : पत्त्याची नोंदणी

घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत तिथल्या नागरी कार्यालयात पत्ता नोंदवावा लागतो. याला 'आनमेल्डुंग' म्हणतात. त्यासाठी पासपोर्ट, भरलेला अर्ज आणि घरमालकाने सही करून दिलेला ठराविक नमुन्यातला दाखला लागतो. नुसता भाडेकरार पुरत नाही. म्हणून खोली ठरवतानाच विचारा, 'इथे पत्ता नोंदवता येईल का?' नाही म्हणाले तर ती खोली कितीही स्वस्त असली तरी महाग पडेल. पैसे घेऊन खोटा पत्ता देणारेही भेटतात. ते बेकायदेशीर आहे, त्या वाटेला जाऊ नका.

वेळ लवकर मिळत नसेल तर ऑनलाइन वेळ घेतल्याचा पुरावा जपून ठेवा. नोंदणीनंतर करक्रमांक टपालाने येतो. नोकरीत पगार काढताना तो लागतो. बँका आणि निवास परवाना देणारे कार्यालयही नोंदणीचा दाखला मागतात. आणखी एक साधी गोष्ट : टपालपेटीवर तुमचे नाव चिकटवा. पेटीवर नाव नसेल तर टपाल परत जाते, आणि जर्मनीत महत्त्वाचे जवळजवळ सगळे टपालानेच येते.

धर्माचा रकाना

या अर्जात धर्माचा रकाना असतो. आपल्याकडे जनगणनेत, शाळेच्या दाखल्यावर 'बौद्ध' लिहिण्यासाठी आपण आग्रह धरतो. ती आपल्या ओळखीची लढाई आहे. जर्मनीतला रकाना मात्र वेगळ्या कारणासाठी आहे. तिथे कॅथलिक, प्रोटेस्टंट अशा काही धर्मसंस्थांच्या सदस्यांकडून सरकार पगारातूनच चर्च-कर वसूल करते. तो आयकराच्या ८ किंवा ९ टक्के असतो. बौद्धांवर असा कर नाही. त्यामुळे 'बौद्ध' लिहिल्याने कर लागत नाही, आणि कर घेणाऱ्या कोणत्याही संस्थेचे सदस्य नाही असे नोंदवले तरी धम्म सोडला असे होत नाही. फक्त घाईत किंवा कोणाच्या सांगण्यावरून चुकीच्या चौकोनात खूण करू नका. ती नोंद नंतर काढायला वेगळी कार्यवाही करावी लागते.

दुसरा कागद : निवास परवाना

भारतातून मिळालेला व्हिसा सहसा काही महिन्यांचाच असतो. तो संपण्यापूर्वी परदेशी नागरिकांच्या कार्यालयात, म्हणजे 'आउसलेंडरबेहोर्डे'त, निवास परवान्यासाठी अर्ज करावा लागतो. इथे एकच नियम मनावर कोरून घ्या : अर्ज व्हिसाची मुदत संपण्याच्या आत पोहोचला पाहिजे. मोठ्या शहरांत भेटीची वेळ मिळायला आठवडे, कधी महिने लागतात. वेळ मुदतीनंतरची मिळाली तरी चालते, पण अर्ज आधी गेलेला हवा आणि त्याची पोच तुमच्याकडे हवी.

मुदतीत अर्ज केला आणि निर्णय बाकी असेल तर कायद्याने तुमचा जुना हक्क पुढे चालू राहतो. त्याचा तात्पुरता दाखला मिळतो, त्याला 'फिक्त्सिओन्सबेशाइनिगुंग' म्हणतात. नाव अवघड आहे, पण हा कागद अनेकांची नोकरी आणि खोली वाचवतो. तो घेऊन देशाबाहेर जायचे असेल तर त्यावर कोणत्या चौकोनात खूण आहे ते आधी कार्यालयाला विचारा. प्रत्येक प्रकारावर परत येता येत नाही.

परवान्यासाठी पासपोर्ट, पत्त्याची नोंद, विद्यापीठाचा दाखला, आरोग्य विमा, छायाचित्र आणि खर्चाची सोय असल्याचा पुरावा लागतो. बोटांचे ठसे घेतात, सुमारे १०० युरो शुल्क भरावे लागते, आणि चिप असलेले कार्ड काही आठवड्यांनी तयार होते. कार्डासोबत अनेकदा एक वेगळा कागद मिळतो. किती काम करता येईल याच्या अटी त्यावर असतात. तो हरवू नका. मार्च २०२४ पासून विद्यार्थ्याला वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येते.

पासपोर्टची मुदत दीड वर्षच उरली असेल तर कार्डही तेवढ्याच मुदतीचे मिळते. म्हणून निघण्यापूर्वी पासपोर्ट नवा करून घ्या.

नाव आणि आडनाव

आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचे नाव. पासपोर्टवर क्रम वेगळा. काहींनी जातिवाचक आडनाव सोडले आहे, पण ते पदवीवर अजून तसेच आहे. जर्मन कार्यालय पासपोर्टवरची अक्षरे जशीच्या तशी घेते. बदललेले नाव असेल तर राजपत्राची प्रत आणि तिचे इंग्रजी किंवा जर्मन भाषांतर सोबत ठेवा. सर्व दाखल्यांवरील स्पेलिंग निघण्यापूर्वी एकदा शेजारी शेजारी ठेवून तपासा.

शिष्यवृत्तीचा हप्ता उशिरा आला तर

खर्चाची सोय म्हणून अनेकजण बँकेत ११,९०४ युरो अडकवून ठेवतात. ती रक्कम भरणे आपल्या घरांना सहसा शक्य नसते, म्हणून शासकीय शिष्यवृत्तीच्या मंजुरीपत्राचा आधार घ्यावा लागतो. त्या पत्रात रक्कम, कालावधी आणि विद्यार्थ्याचे नाव इंग्रजीत स्पष्ट लिहून घ्या. नूतनीकरणाच्या वेळी हप्ता लांबला असेल तर गप्प बसू नका. विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विभागाकडून पत्र घ्या, शासनाशी केलेला पत्रव्यवहार जोडा, आणि अर्ज मुदतीत टाका. अपुरा पण वेळेवर केलेला अर्ज सुधारता येतो. मुदत उलटल्यावर मार्ग कमी उरतात.

समाजाने काय करावे

बाबासाहेबांनी १९२१ मध्ये जर्मनीतील बॉन विद्यापीठात नाव नोंदवले होते. त्या काळी त्यांना वाट दाखवायला आपल्यातले कोणीही तिथे नव्हते. आज आपली मुले जर्मनीच्या अनेक शहरांत आहेत. तरीही प्रत्येक नवा विद्यार्थी शून्यापासून सुरुवात करत असेल, तर ही आपल्या संघटनाची उणीव आहे.

म्हणून आमची विनंती आहे. जे तिथे आहेत, त्यांनी आपापल्या शहराची माहिती मराठीत लिहून ठेवावी : कार्यालय कुठे, वेळ कशी मिळते, कोणता कागद मागतात. जे इथे आहेत, त्या युवक मंडळांनी निघणाऱ्या विद्यार्थ्याची गाठ तिथल्या एका विद्यार्थ्याशी घालून द्यावी. शिष्यवृत्तीसाठी आपण मोर्चे काढतो, ते काढलेच पाहिजेत. पण मिळालेली शिष्यवृत्ती एका तारखेमुळे वाया जाऊ नये, हे पाहणे हेही चळवळीचेच काम आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!