कोणतं अकोले?

अहिल्यानगर जिल्ह्यातलं अकोले तालुक्याचं गाव. पण पुणे जिल्ह्यात इंदापूर तालुक्यातही एक अकोले आहेच. नुसत्या नावावरून गावाचा कोड शोधणारं फंक्शन पोस्टग्रेस्क्यूएल या डेटाबेसच्या पीएल/पीजीएसक्यूएल भाषेत लिहिलं, तर ‘सिलेक्ट इन्टू’ हाती लागलेली पहिली ओळ उचलतं आणि गप्प बसतं. क्रम सांगितला नसेल तर पहिली कोणती, याचीही हमी नाही. ‘स्ट्रिक्ट’ शब्द जोडला की चूक अडते, पण तो आठवणीने लिहायला हवा.

२०१९च्या १२व्या आवृत्तीत यासाठी ‘टू मेनी रोज’ ही तपासणी आली. एकाच नावाच्या दोन चलांपैकी एक दुसऱ्याला झाकतो, ते पकडणारी ‘शॅडोड व्हेरिएबल्स’ मात्र २०१४पासूनची.

तपासण्या त्याच, याद्या दोन: ‘एक्स्ट्रा वॉर्निंग्ज’मध्ये नाव घातलं तर नुसता इशारा मिळतो, ‘एक्स्ट्रा एरर्स’मध्ये घातलं तर काम थांबतं. मुळात दोन्ही बंद. नाहीतर वर्षानुवर्षं बिनबोभाट चाललेली फंक्शनं एका अपग्रेडनंतर कुरकुरू लागली असती. निर्णय शहाणपणाचा, पण ज्याला गरज त्यालाच सोय ठाऊक नसते. चाचणीच्या सर्व्हरवर यादीत ‘ऑल’, म्हणजे सगळ्या तपासण्या, ठेवावं, असं अधिकृत दस्तऐवजच सुचवतो.