स्फटिकातील ‘दोष’ आणि प्रकाशसंवाहकता

‘दोष’ हा शब्द शास्त्रीय परिभाषेत आला तरी त्याला चिकटलेला निंदेचा अर्थ सहसा सुटत नाही. स्फटिकातील दोष म्हटले, की ते नाहीसे झालेले बरे, अशी वाचकाची समजूत होते. वस्तुतः पदार्थविज्ञानात या संज्ञेचा अर्थ एवढाच, की अणूंच्या नियमबद्ध मांडणीत कोठे तरी खंड पडला आहे : एखादी जागा रिकामी आहे, अथवा तेथे परका अणू बसला आहे. तो खंड उपकारक की अपकारक, हे संज्ञेवरून ठरत नाही. प्रकाशसंवाहकतेच्या उदाहरणावरून हे स्पष्ट होईल.

प्रकाश पडताच सेलेनियमची विद्युत्संवाहकता वाढते, हे विलोबी स्मिथ याने १८७३ साली प्रसिद्ध केले. अर्धसंवाहकात पुरेशा ऊर्जेचा प्रकाशकण इलेक्ट्रॉनला बंधमुक्त करतो. मागे त्याची उणीव, म्हणजे ‘विवर’, राहते व ते धन भाराप्रमाणे वागते. इलेक्ट्रॉन व विवर पुन्हा एकत्र आले, की दोघांचेही वहनकार्य संपते. म्हणून इलेक्ट्रॉन किती काळ मुक्त राहतो, यावर प्रवाहाचे मान अवलंबून असते. आणि तो काळ बहुधा दोषच ठरवितात.

कॅडमियम सल्फाइडच्या स्फटिकात कॅडमियम अणूची रिकामी जागा ऋणभारित असते. ती विवराला त्वरित पकडते. तथापि त्यानंतरही तिचा काही ऋणभार शिल्लक राहत असल्याने इलेक्ट्रॉन तिच्यापासून दूर लोटला जातो. समजा, तो सेकंदाचा सहस्रांश मुक्त राहिला आणि स्फटिक ओलांडण्यास त्याला सेकंदाचा दशलक्षांश लागला. एक इलेक्ट्रॉन धनाग्रातून बाहेर पडताच दुसरा ऋणाग्रातून आत येतो. त्यामुळे एका प्रकाशकणापोटी सुमारे १,००० इलेक्ट्रॉनांचा भार वाहतो. अशा पदार्थात तांब्याचा अल्पांश मुद्दाम मिसळतात, तो ही संवेदनक्षमता वाढविण्यासाठीच.

याउलट सिलिकॉनमधील सोन्याचे अणू इलेक्ट्रॉन व विवर या दोहोंनाही पकडून त्यांचा संयोग घडवितात. प्रकाशसंवाहकतेस हे मारक होय. परंतु ज्या डायोडमध्ये प्रवाह तत्क्षणी थांबावा लागतो, तेथे हेच सोने हेतुपुरस्सर घालीत आले आहेत. तिसऱ्या प्रकारचे दोष इलेक्ट्रॉनला काही काळ अडकवून पुन्हा सोडतात. त्यामुळे प्रकाश बंद झाल्यावरही प्रवाह रेंगाळतो. रस्त्यावरील दिवा संध्याकाळी आपोआप लावण्यास ही दिरंगाई बाधत नाही. जलद संदेशग्रहणास मात्र बाधते.

आपल्या काव्यशास्त्राने ‘अनित्य दोष’ मानले आहेत : कर्णकटू वर्णरचना शृंगारात दोष ठरते, रौद्रात गुण. स्फटिकातील दोषही याच अर्थाने अनित्य होत. तेव्हा संज्ञा बदलण्याचे कारण नाही. मात्र ती शिकविताना ‘कोणत्या कार्याच्या दृष्टीने दोष?’ हा प्रश्न तिच्यासोबत शिकविला पाहिजे.