झिडोव्हुडीनचे सामर्थ्य आणि पेशींमधील संदेशवहन

भारत शासनाने १ एप्रिल २००४ रोजी एच.आय.व्ही.बाधितांना मोफत विषाणुरोधक उपचार देण्यास आरंभ केला, तेव्हा झिडोव्हुडीन हे त्या योजनेतील प्रमुख औषधांपैकी एक होते. वाशीम जिल्ह्यातील मालेगाव असो वा मुंबई, गोळी तीच. परंतु एकाच रुग्णाच्या निरनिराळ्या पेशींत तिचा प्रभाव सारखा नसतो. याचे कारण बऱ्याच अंशी प्रतिकारसंस्थेच्या संदेशवाहक प्रथिनांत, म्हणजे सायटोकाइनांत, सापडते.

झिडोव्हुडीन शरीरात जाते ते निष्क्रिय रूपात. पेशीतील थायमिडीन कायनेज हे विकर त्यास पहिला फॉस्फेट गट जोडते; पुढे आणखी दोन जोडले गेल्यावरच ते विषाणूच्या डी.एन.ए.-साखळीत खऱ्या थायमिडीनच्या जागी जाऊन बसते व साखळी तेथेच खुंटते. तेव्हा सामना आहे तो सक्रिय औषध व पेशीतील नैसर्गिक थायमिडीन ट्रायफॉस्फेट यांचा, आणि निर्णय होतो तो त्यांच्या परस्परप्रमाणावर. हे विकर विभाजन पावणाऱ्या पेशींत मुबलक, तर स्वस्थ पेशींत अत्यल्प असते.

१९८९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत महाभक्षक पेशींना जी.एम.-सी.एस.एफ. हे सायटोकाइन दिले असता विषाणूची वाढ बळावली, आणि तरीही झिडोव्हुडीनचा प्रभाव अधिक झाला! प्रमाणाचा मुद्दा ध्यानी घेतला म्हणजे हा विरोधाभास उरत नाही. इंटरफेरॉन तेच प्रमाण दुसऱ्या टोकाकडून बदलते. त्याच्या प्रभावाने कार्यक्षम होणारे सॅमएचडी-१ हे प्रथिन नैसर्गिक ट्रायफॉस्फेटांचा साठा विघटित करते; प्रतिस्पर्धी घटला की औषधाची सरशी होते.

प्रयोगनलिकेतील हे यश रुग्णास तसेच्या तसे लाभत नाही. इंटरल्यूकिन-२ च्या दोन मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले: सीडी-४ पेशींची संख्या वाढली, परंतु आजार वा मृत्यू कमी झाले नाहीत. यकृतातील परिस्थिती तर अधिक गुंतागुंतीची. दाहकाळी वाढणारे इंटरल्यूकिन-६ तेथील सायटोक्रोम विकरे मंदावते, म्हणजे त्या मार्गाने नाश पावणारी औषधे रक्तात अधिक काळ टिकू शकतात. उलट क्षयरोगावरील रिफँपिसिन तीच विकरे वाढविते व नेव्हिरापीनची रक्तातील पातळी खाली आणते. महाराष्ट्रात एच.आय.व्ही.सोबत क्षय असणारे रुग्ण विरळ नाहीत. अशा रुग्णात हे दोन्ही ओढे एकाच वेळी चालू असतात.

आज पहिल्या पसंतीच्या संयोगात टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडीन व डोल्युटेग्रॅव्हिर आहेत. यांपैकी डोल्युटेग्रॅव्हिरला फॉस्फेटाची गरज नाही. टेनोफोव्हिरला मात्र दोन फॉस्फेट गट अद्यापि पेशीनेच जोडून द्यावे लागतात.