औषधाच्या वासाची व्हिस्की

बाटलीचे बूच काढले की पहिला वास येतो तो दवाखान्याच्या व्हरांड्याचा. फिनेलने नुकतीच पुसलेली फरशी, जखमेची पट्टी, टिंक्चर आयोडीन आणि त्यामागून विझत आलेल्या चुलीचा धूर. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यालगतच्या आयला बेटावर तयार होणाऱ्या ‘लफ्रॉइग’ या सिंगल माल्टची ही ओळख. (बेटाचा उच्चार खरोखरच ‘आयला’ असा आहे, मराठी माणसाने तो उद्गार समजू नये.) ही व्हिस्की काहींना एका घोटात नकोशी होते, तर काहींना नंतर दुसरी कुठली चालत नाही. मात्र तिला येणारा औषधाचा वास हा निव्वळ भास नाही.

आयलावर झाडे थोडी आणि दलदल फार. शेवाळ आणि गवताचे अवशेष पाण्याखाली, हवा न मिळाल्याने अर्धवट कुजतात आणि त्यांचा काळपट थर साचत जातो. हाच पीट. तो वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर वाढतो. विटांसारखा कापून वाळवला की छान जळतो. लाकूडफाटा नसलेल्या या बेटावर घरातली शेगडी आणि दारूची भट्टी दोन्ही त्यावरच चालत. १८१५ मध्ये डोनाल्ड आणि अलेक्झांडर जॉन्स्टन या भावांनी लफ्रॉइग सुरू केली, तेव्हा व्हिस्कीतला धूर ही चैन नव्हती, नाइलाज होता.

सत्त्वासाठी नाचणीला मोड आणतात, तसेच इथे सातूला, म्हणजे बार्लीला आणतात. मोड आले की दाण्यात विकरे तयार होतात आणि पुढे तीच पिष्टाची साखर करतात. मोड वाढू नयेत म्हणून दाणे वाळवायचे असतात आणि पीटचा धूर सोडला जातो तो याच वेळी. दाणा ओलसर असतानाच धूर त्याला नीट चिकटतो. लफ्रॉइगमध्ये आजही काही धान्य जुन्या पद्धतीने फरशीवर पसरून, फावड्याने परतून तयार होते. बाकीचे बरेचसे त्याच बेटावरच्या पोर्ट एलन येथील माल्ट कारखान्यातून येते. पुढे दळणे, गरम पाण्यात साखर उतरवणे, यीस्टने आंबवणे आणि तांब्याच्या पात्रांत दोनदा ऊर्ध्वपातन. धुरातली जड द्रव्ये ऊर्ध्वपातनात उशिरा उतरतात. त्यामुळे धार कधी धरायची आणि कधी तोडायची यावर दवाखान्याचा वास किती राहणार हे ठरते.

त्यानंतर ओकच्या पिंपात किमान तीन वर्षे. ही स्कॉच व्हिस्कीची कायद्याने घातलेली अट आहे. लफ्रॉइगची पिंपे बहुतेक अमेरिकेतून येतात. तिथे बर्बनसाठी दर वेळी नवे पिंप लागते, त्यामुळे एकदा वापरलेली पिंपे मुबलक मिळतात. दहा वर्षांची लफ्रॉइग ही घराण्याची मुख्य बाटली. ‘क्वार्टर कास्क’ शेवटचे काही महिने लहान पिंपात राहते. लहान पिंपात तेवढ्याच मद्याला लाकूड जास्त भिडते, म्हणून गोडवा लवकर उतरतो. उलट जितकी व्हिस्की जुनी, तितका धूर निवत जातो. पंचवीस वर्षांच्या बाटलीत दवाखाना शोधावा लागतो.

आता त्या वासाकडे. पीट जळताना वनस्पतींतल्या लिग्निनचे तुकडे होतात आणि फिनॉल, क्रेसॉल, ग्वायकॉल ही रसायने धुरात येतात. फिनॉल म्हणजेच कार्बोलिक आम्ल. ग्लासगोच्या रॉयल इन्फर्मरीत १८६५ मध्ये जोसेफ लिस्टर यांनी अकरा वर्षांच्या एका मुलाच्या तुटलेल्या पायाच्या जखमेवर हेच लावले, जखम चिघळली नाही आणि जंतुविरहित शस्त्रक्रियेचे युग सुरू झाले. जुन्या लाल लाइफबॉयचा वासही कार्बोलिकचाच. क्रेसॉल काळ्या फिनेलमध्ये असते. ग्वायकॉलपासून ग्वायफेनेसिन हे खोकल्याच्या सिरपमधले औषध बनते. नाकाने औषध ओळखले, यात त्याची चूक नाही.

अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी होती, पण डॉक्टरांच्या चिठ्ठीवर व्हिस्की मिळे. लफ्रॉइगचे तेव्हाचे मालक इयन हंटर यांनी या वासाच्या बळावर आपला माल औषध म्हणून तिकडे पोहोचवला, अशी हकिकत सांगितली जाते. (याच हंटर यांच्याकडे बेसी विल्यमसन १९३४ मध्ये उन्हाळ्यापुरती टंकलेखक म्हणून आली. १९५४ मध्ये ते वारले तेव्हा भट्टी तिच्या नावावर झाली. तिच्यावर स्वतंत्र लेख व्हायला हवा.)

हिशेब केला की औषधाचा दावा कोसळतो. लफ्रॉइगच्या माल्टमध्ये फिनॉल वर्गातली द्रव्ये दहा लाख भागांत ४० ते ४५ भाग असतात, बाटलीत पोहोचेपर्यंत त्याहून पुष्कळ कमी. जंतुनाशक म्हणून वापरायचे पाच टक्के कार्बोलिक द्रावण त्याच्या हजारपटीने तीव्र. तीस मिलिलिटरच्या एका पेगमध्ये ही द्रव्ये दीड मिलिग्रॅमही भरत नाहीत. त्याच पेगमध्ये शुद्ध अल्कोहोल मात्र साडेनऊ ग्रॅमच्या आसपास. यकृताला काम पडते ते या साडेनऊ ग्रॅमचे. त्याचे आधी अॅसिटाल्डिहाइड होते, आणि हे द्रव्य डीएनएला इजा करते. तोंड, घसा, अन्ननलिका, यकृत, आतडे आणि स्तन यांच्या कर्करोगाशी मद्याचा संबंध सिद्ध झालेला आहे. धुराची असो वा बिनधुराची, पिंप दहा वर्षांचे असो वा तीस, त्यात फरक पडत नाही. थंडीत घोट घेतल्यावर ऊब वाटते तीही त्वचेखालच्या रक्तवाहिन्या रुंदावल्याने. शरीराची आतली उष्णता उलट बाहेर जाते. ‘खोकल्याला चमचाभर ब्रँडी’ देणाऱ्या घरांनी हे विशेष लक्षात घ्यावे.

जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले की मद्याचे कोणतेही प्रमाण सुरक्षित म्हणता येत नाही. महाराष्ट्रात लागू असलेल्या १९४९ च्या दारूबंदी कायद्यात ‘आरोग्य परवान्या’चे कलम अजून आहे.