रायफल आणि नेम (११) : दोन धक्क्यांची बंदूक

छर्‍यांच्या वजनाचं आज सांगायचं कबूल केलं होतं, ते पुढच्या आठवड्यावर ढकलतो. मिरजेच्या एका वाचकाचं पत्र आलंय आणि आजचा अख्खा लेखांक त्या पत्राला द्यावा असं ते आहे. तक्रार कशी लिहावी याचा तो नमुनाच. काय केलं, कधी केलं, त्यानंतर छर्रे कुठे पडले, सगळं तारीखवार.

त्यांची रायफल नळी मोडून भरायची, स्प्रिंगवर चालणारी, ४.५ मिमीची. स्कोप बसवला, दहा मीटरवर झिरो केला, पाच छर्‍यांचं मिळून एक भोक पडलं. आठवडाभरात ग्रूप डावीकडे खाली गेला. फुटला नाही, अख्खाच्या अख्खा सरकला. त्यांनी माउंट काढला, पुन्हा बसवून कसला, नव्यानं झिरो केला. काही दिवस झकास, मग परत तेच. शेवटी नवा स्कोप आणला, त्यानंही तेच केलं. आता विचारतात, नळी गेली का?

नळीवर माझा अजिबात संशय नाही. बिघडलेली नळी छर्रे विखरते. घट्ट ग्रूप उचलून दुसरीकडे नेऊन ठेवत नाही. ग्रूप शाबूत राहून जागा बदलतो तेव्हा बघायची वाट आणि नळीची वाट यांच्यातलं नातं बदललेलं असतं. उत्तर त्यांच्या पत्रात शेवटी, जाता जाता लिहिलेल्या ओळीत आहे: माउंट व्हिडिओत दाखवल्याप्रमाणे रेलच्या खाचेत पुढे दाबून कसला.

व्हिडिओ दारूच्या काडतुसाच्या रायफलीचा असणार. तिथे तो सल्ला बरोबर आहे. गोळी सुटते, रायफल मागे येते, स्कोप जडत्वामुळे जागीच राहू पाहतो, म्हणजे रायफलीच्या मानानं पुढे सरकतो. म्हणून माउंटखालचा आडवा दांडा खाचेच्या पुढच्या भिंतीला टेकवून कसायचा.

स्प्रिंगच्या रायफलीत धक्के दोन. घोडा दाबला की स्प्रिंग पिस्टनला पुढे फेकते आणि रायफल मागे येते. हा पहिला, त्यामानानं सौम्य. मग पिस्टन सिलिंडरच्या टोकाशी दाबलेल्या हवेवर आदळून थांबतो आणि रायफल पुढे फेकली जाते. हा दुसरा धक्का तिखट. एसटी झटक्यानं निघाली की उभा प्रवासी मागे कलंडतो, तसा स्कोप मागे, तुमच्या डोळ्याकडे सरकू लागतो. काडतुसाच्या मोठ्या रायफलीवर वर्षानुवर्षं टिकलेले स्कोप या साध्या हवेच्या बंदुकीवर मोडतात तेही याच उलट्या धक्क्यानं. सिलिंडरमधल्या साठवलेल्या हवेवर चालणाऱ्या पीसीपी रायफलींना हा त्रास नाही.

आता मिरजेचं कोडं सुटतं. पिकाटिनी रेलची खाच ५.२३ मिमी रुंद असते आणि दांडा तिच्याहून किंचित अरुंद. पुढे दाबून कसल्यामुळे मोकळी जागा सगळी मागे राहिली. रोजच्या नेमबाजीत माउंट कणाकणानं मागे रांगत गेला आणि मागच्या भिंतीला टेकून थांबला. तिथेच ठेवला असता तर बहुधा टिकला असता! पण दर वेळी काढून पुन्हा पुढे दाबल्यामुळे रांगणं पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं.

स्कोप सरळ रेषेत मागे गेला तर नेम कशाला बदलेल, असं कुणी विचारील. प्रश्न रास्त आहे. पण तो सरळ जात नाही. पुढची आणि मागची रिंग वेगवेगळी असली की एक जास्त सरकते, एक कमी, आणि मधली नळी ताणली किंवा पिळली जाते. दोन रिंगांमध्ये १०० मिमी अंतर धरा. एक टोक ०.१ मिमी हललं, म्हणजे कॉपिअरच्या एका कागदाच्या जाडीइतकं, तर दहा मीटरवर नेम एक सेंटिमीटर हलतो. पाव मिनिटाच्या स्कोपची एक क्लिक त्या अंतरावर जेमतेम ०.७ मिमी. कागदाएवढी हालचाल चौदा क्लिक खाते.

उपाय. आधी रायफल रिकामी असल्याची खात्री करा. मग दस्त्याचे स्क्रू तपासा, स्प्रिंगच्या रायफलीत ते हटकून सैल होतात. माउंट शक्यतो एकसंध घ्या. रेल आणि माउंट स्पिरिटनं पुसून तेल पूर्ण काढा. दांडा खाचेच्या मागच्या भिंतीला टेकवून कसा. ११ मिमीच्या साध्या डव्हटेलला आडव्या खाचा नसतात, तिथे माउंटची स्टॉप पिन सिलिंडरवरच्या भोकात उतरलीच पाहिजे. रिंगांचे स्क्रू तिरप्या जोडीनं, थोडे थोडे, दोन्ही बाजूंची फट सारखी राखत आवळा. साधारण २ न्यूटन-मीटर पुरे. जोर लावून स्कोपची नळी चेपू नका.

आणि माझी सगळ्यात आवडती गोष्ट: नेलपॉलिश. रिंगच्या कडेवरून स्कोपच्या नळीवर, माउंटवरून रेलवर आणि प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरून शेजारच्या धातूवर बारीक रेघ ओढा. वाळली की कडक होते. काही हललं की त्या जागी केसासारखी चीर पडते, भिंगातून स्पष्ट दिसते. मग अंदाजाचं कामच नाही, गुन्हेगार कोण ते रेघ सांगते.

एवढं करूनही ग्रूप सरकला तर स्कोप उतरवा आणि रायफलीच्या मूळ माशीवर पाच छर्रे मारा. ग्रूप थोडा मोठा येईल, पण दुसऱ्या आठवड्यातही तो त्याच जागी पडला तर रायफल निर्दोष.

क्लबात पीपसाईटवर नेम धरणाऱ्या मुलांनी हे आपल्यासाठी नाही असं समजू नये. ऑलिंपिकच्या रायफलीला स्कोप चालत नाही. २०२४ला पॅरिसमध्ये कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेनं ५० मीटर थ्री पोझिशन्सचं कांस्य स्कोपशिवायच मिळवलं. पण मागची साईट बसते ती ११ मिमीच्या रेलवर, स्क्रूच्याच भरवशावर. दोन साईटमध्ये ८०० मिमी अंतर असेल आणि मागची ०.१ मिमी बाजूला गेली, तर दहा मीटरवर छर्रा सव्वा मिलिमीटर चुकतो. एअर रायफलच्या कार्डावर दोन कड्यांमध्ये अंतर अडीच मिलिमीटर. म्हणजे प्रत्येक छर्‍याला अर्धा गुण गेला. तिथेही नेलपॉलिशची रेघ ओढा.

पुढच्या आठवड्यात छर्‍यांचं वजन, नक्की. तोवर कुणाला अशीच तक्रार पाठवायची असेल तर टार्गेटचे कागद सोबत जोडा. कागदाची वरची बाजू बाणानं दाखवा, छर्‍यांना क्रमांक घाला आणि माउंट शेवटचा कधी कसला ती तारीख लिहा.