मदतीचा रुपया आणि वाटपाचा खर्च

वार्धक्य, आजारपण, अपंगत्व आणि बेकारी अशा प्रसंगी नागरिकास राज्याच्या आर्थिक क्षमतेनुसार सार्वजनिक साहाय्य मिळावे, असे मार्गदर्शक तत्त्व भारतीय राज्यघटनेच्या ४१ व्या अनुच्छेदात नमूद केले आहे. या तत्त्वास अनुसरून केंद्र शासनाने १५ ऑगस्ट १९९५ पासून राष्ट्रीय सामाजिक साहाय्य कार्यक्रम हाती घेतला. निराधार वृद्धांना दरमहा ७५ रुपये निवृत्तिवेतन हे त्याचे एक प्रमुख अंग होते. २००६ मध्ये ही रक्कम २०० रुपये झाली. २०११ मध्ये वयाची अट ६५ वरून ६० वर्षांवर आणण्यात आली आणि ८० वर्षे पूर्ण केलेल्यांसाठी केंद्राचा वाटा ५०० रुपये ठरला.

अशा योजनांत मदत किती दिली याची चर्चा नेहमी होते. ती पोहोचविण्यास किती खर्च येतो, हा प्रश्न मात्र मागे पडतो.

वर्षाला ७२ रुपये

या कार्यक्रमात प्रशासकीय खर्चासाठी निधीच्या ३ टक्के रकमेची तरतूद आहे. दरमहा २०० रुपये म्हणजे वर्षाला २,४०० रुपये; त्याचे ३ टक्के म्हणजे ७२ रुपये. अर्ज स्वीकारणे, वयाची व दारिद्र्यरेषेच्या यादीची खातरजमा करणे, दरवर्षी फेरतपासणी करणे, मृतांची नावे कमी करणे, हिशेब ठेवणे आणि तक्रारी ऐकणे ही सारी कामे माणशी एवढ्या रकमेत बसवावयाची असतात. मनीऑर्डरने पैसे पाठवावयाचे तर शेकडा ५ रुपये या दराने २०० रुपयांमागे १० रुपये लागत. महिन्याची संपूर्ण प्रशासकीय तरतूद मात्र ६ रुपयेच!

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. अर्ज तपासण्याचे श्रम मदतीच्या रकमेवर अवलंबून नसतात. २०० रुपयांच्या अर्जास जेवढा वेळ लागतो, तेवढाच १,५०० रुपयांच्या अर्जासही लागतो. महाराष्ट्रात श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजनेतून राज्य शासन केंद्राच्या वाट्यात भर घालते, आणि २०२३ मध्ये ही मासिक मदत १,००० वरून १,५०० रुपये करण्यात आली. रक्कम वाढली की खर्चाची टक्केवारी आपोआप खाली येते. म्हणून केवळ टक्केवारीवरून कारभार काटकसरीचा की उधळपट्टीचा, हे ठरविता येत नाही.

चाळणीची किंमत

अपात्र व्यक्तीस लाभ मिळू नये, ही अपेक्षा रास्तच आहे. परंतु चाळणी जितकी बारीक, तितका तपासणीचा खर्च अधिक आणि खरा गरजू वगळला जाण्याचा धोकाही अधिक. लक्ष्यनिर्धारित सार्वजनिक वितरण व्यवस्थेविषयी नियोजन आयोगाचा मूल्यमापन अहवाल २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. गरिबांपर्यंत १ रुपयाचा लाभ पोहोचविण्यासाठी शासनास ३ रुपये ६५ पैसे खर्च करावे लागतात, असा त्याचा निष्कर्ष होता. यात गळती आणि लाभार्थी निवडीतील चुका यांचा वाटा मोठा होता.

वहीत न येणारा खर्च

आणखी एक खर्च कोणत्याच शासकीय वहीत नोंदला जात नाही. तो लाभार्थी स्वतः सोसतो. वयाचा पुरावा, उत्पन्नाचा दाखला, हयातीचा दाखला यांसाठी तहसील कार्यालयाच्या फेऱ्या होतात. समजा, एका फेरीस ५० रुपये भाडे पडले, तर २०० रुपयांच्या मदतीचा चौथा हिस्सा वाटेतच संपला. सोबत येणाऱ्या मुलाचा वा सुनेचा रोज बुडाला, तर तो निराळाच.

कार्यालयात एक कारकून कमी केला, तर शासनाचा खर्च घटल्याचे कागदावर दिसते. पण त्यामुळे अर्ज सहा महिने पडून राहिला, तर तो खर्च नाहीसा झालेला नसतो. तो केवळ वृद्धाच्या शिरावर सरकलेला असतो. बँकेत थेट रक्कम जमा होऊ लागल्याने मनीऑर्डरचा खर्च वाचला हे खरे. तथापि बँक दूर असेल, किंवा अंगठ्याचा ठसा यंत्रावर उमटत नसेल, तर त्या बचतीची किंमतही लाभार्थीच मोजतो.

प्रशासकीय खर्चात काटकसर हवीच. परंतु गावातच होणारी पडताळणी, एकदा दिलेला दाखला पुन्हा न मागणे आणि तक्रारीस मुदतीत उत्तर देणे यांवर होणारा खर्च वायफळ मानता येणार नाही. मंजूर झालेला रुपया वृद्धाच्या हाती पूर्ण पडावा, यासाठीच तो करावयाचा असतो.